दोन बोटे माया

तीनशे रुपयांत मुलाचा शाळेचा गणवेश होतो का? प्रश्न किरकोळ वाटेल. जिथे हजारो कोटींच्या योजनांची चर्चा चालते, तिथे अर्ध्या चड्डीची आणि सदऱ्याची बात काय करायची, असेही कुणी म्हणेल. पण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात महाराष्ट्र सरकारने याच चड्डी-सदऱ्यावर एक प्रयोग केला आणि वर्ष सरण्यापूर्वी तो गुंडाळला. मथळे आले, मंत्री बदलले, निर्णय फिरला आणि विषय संपला. टिकाऊ कापड म्हणजे काय, ते कुणी निवडायचे आणि कुणाकडून घ्यायचे, हा त्यातला खरा प्रश्न मात्र तसाच राहिला. परभणीसारख्या कापसाच्या जिल्ह्यात तरी तो विचारायला हवा.

आधी प्रयोग काय होता ते थोडक्यात सांगतो. समग्र शिक्षा अभियानात सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मोफत मिळतात. दर गणवेशी ३०० रुपये, दोघांचे मिळून ६००. पूर्वी हा लाभ सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांनाच होता. २०२३ मध्ये राज्याने तो उरलेल्या मुलांनाही दिला, हे चांगलेच झाले. तोवर पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात येत आणि समिती गावात वा तालुक्याला कापड पाहून गणवेश शिवून घेई. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आले. कापडाची खरेदी वरून, राज्यभराची एकदम. आकाशी सदरा आणि गडद निळी चड्डी किंवा पँट हा नेहमीचा गणवेश महिला बचत गटांकडून शिवून यायचा. दुसरा, स्काऊट-गाईडचा, त्याचे नुसते कापड शाळेला मिळायचे. पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन झाले तरी कित्येक शाळांत गणवेश पोचला नव्हता. पोचला तिथे मापे चुकली होती, शिवणी उसवत होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने २०२५-२६ पासूनचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. दर मात्र तोच, ३००.

मी बँकेत उभी हयात घालवली, त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे पाहताना आधी घसारा दिसतो. यंत्राची किंमत खरेदीच्या दिवशी कळत नाही, ते किती वर्षे चालले यावर कळते. कपड्यालाही हेच लावून पाहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरते. दोन गणवेश आलटून पालटून घातले तर प्रत्येकाच्या वाट्याला १०० दिवस येतात. म्हणजे टिकला तर दिवसाला ३ रुपये. तोच दिवाळीच्या सुटीपर्यंत, समजा ४५ दिवसांत, फाटला तर दिवसाला जवळजवळ ७ रुपये पडले. सरकारने वाचवले काय आणि मिळवले काय? शिवाय दुसरा गणवेश नुसत्या कापडाच्या रूपाने कपाटात पडून असेल, तर पहिला रोजच अंगावर. तो संध्याकाळी धुवायचा आणि सकाळी ओलसर असतानाच घालायचा.

जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत त्या साली मी हे गणवेश हातात घेऊन पाहिले. कापड फार वाईट होते असे मी म्हणणार नाही. अशा दरात बाजारात मिळते तसेच होते. पण सदरा उलटा केला आणि आतली शिवण पाहिली. कडेला दोऱ्याची झालर, इंचाला सहा-सात टाके आणि माया म्हणून काही नाहीच. शिवणकाम ठाऊक असलेल्या घरातल्या वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको. शिवणीच्या आत, दुमडीत, जे जादा कापड शिंपी सोडून ठेवतो त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात. मूल वाढले की शिवण उसवून तेवढे कापड बाहेर काढायचे. चड्डीच्या तळाला चार बोटे, बगलेत दोन बोटे. ज्याने आपल्या भाषेत हा शब्द शिंप्याच्या कामाला लावला, त्याला कापड आणि मूल दोन्ही कळत होते. हजारो सदरे एका मापाने कापायचे असले की दोन बोटांचा हिशेब लाखो मीटरवर जातो, आणि सगळ्यात आधी माया कापली जाते.

शिवणाऱ्या बचत गटातल्या बायकांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. त्यांनी कापड निवडलेले नव्हते, माप घेतलेले नव्हते आणि तो सदरा घालणारे पोर त्यांनी कधी पाहिलेही नव्हते.

माझ्या मते सगळा प्रश्न या शेवटच्या गोष्टीत आहे. कापड टिकते ते सुताच्या ताकदीने, हे खरेच. पण टिकाऊ कापड बाजारात मिळत राहते ते विकणाऱ्याला त्या फाटक्या कापडाचे तोंड पुन्हा पाहावे लागते म्हणून.

हे जरा उलगडून सांगतो. १९८०-९० च्या दशकांत सेलू, मानवत, गंगाखेड या बाजारपेठांच्या गावी कापड दुकानाचा व्यवहार बहुतेक उधारीचा असे. शेतकरी पोळ्याला, दसऱ्याला, लेकीच्या बस्त्याला कापड नेई आणि पैसे कापूस विकल्यावर देई. त्या काळी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती; कापूस घातला तरी पैसे हप्त्याहप्त्याने हातात येत. म्हणजे कापड गेले ऑगस्टात आणि खाते मिटले फेब्रुवारी-मार्चात. या सहा-सात महिन्यांत धोतर विरले, लुगड्याचा रंग उतरला, तर गिऱ्हाईक तेच कापड काखेत मारून दुकानाच्या पायरीवर हजर. “शेट, ह्याचे पैसे मागता व्हय?” या एका प्रश्नापुढे दुकानदाराचे काही चालत नसे. त्यामुळे तो स्वतःच हलका माल गावाकडच्या गिऱ्हाइकाला देत नसे. व्याज तो भरपूर लावी, भावात चढवून घेई, हे मी कर्जाच्या अर्जांमधून वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि त्या सावकारीचे गोडवे मला गायचे नाहीत. पण उधारी ही नकळत त्या कापडाची हमी होती. उधारीची मुदत जेवढी, तेवढे तरी कापड टिकलेच पाहिजे.

सालगड्याच्या करारातही हेच होते. पाडव्याला साल ठरे, त्यात रोख, जोंधळे आणि अंगावरचे कपडे, पायातली वहाण. मालकाने दिलेला जोड आठ महिन्यांत फाटला तर दुसरा कुणी द्यायचा, यावर पारावर वाद झालेले मी ऐकले आहेत. म्हणून मालकही जाडेभरडे, पण चिवट कापड निवडी.

आता कपडे रोखीने घेतले जातात. परभणीत कच्छी बाजारापासून स्टेशन रस्त्यापर्यंत दुकाने आहेत, फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसात पालांखाली ढिगाने कपडे मिळतात, मोबाईलवर बोट लावले की घरपोच येतात. निवड वाढली, भाव उतरले, हे गरिबाच्या फायद्याचे आहेच. सणाला पोरांच्या अंगावर नवे कापड आज ज्या घरांत दिसते, त्या घरांत मागच्या पिढीत ते दिसत नव्हते. पण पाल उठले की विकणारा गेला. त्याला तुमचे तोंड पुन्हा दिसणार नाही, तुम्हाला त्याचे नाही. सरकारी निविदेत तर ही दोन तोंडे आधीपासूनच एकमेकांना अनोळखी असतात.

महाग घेतले म्हणजे टिकाऊ मिळाले, असेही नाही. हा गैरसमज नोकरदार मध्यमवर्गात फार आहे. ‘महँगा रोए एक बार’ ही म्हण तो स्वतःच्या समाधानासाठी सांगत असतो. दोन-अडीच हजारांच्या सदऱ्यात कापड, शिलाई, जाहिरात, वातानुकूलित दुकानाचे भाडे आणि खिशावरचे चिन्ह या सगळ्यांची किंमत असते. यातले पहिले दोनच धुतल्यावर उरतात. कापसाचा वाटा किती, ते आपल्या जिल्ह्यात बसून सहज काढता येते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे किलोला ८१. सरकी काढल्यावर किलोमागे साधारण ३५० ग्रॅम रुई निघते. एका सुती सदऱ्याला पाव किलोच्या आसपास कापड लागते; कताई-विणाईतली घट धरली तरी किलोभराच्या आतच कापूस. म्हणजे हमीभाव पुरता हातात पडला तरी शेतकऱ्याकडे ७०-७५ रुपये. सदरा ४०० चा असो की २,४०० चा, तिथे फरक नाही.

करानेही आता वेगळी रेघ ओढली आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा १,००० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि पुढे १२ टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंत ५ आणि त्यापुढे १८ टक्के झाले. मानवनिर्मित धागाही ५ टक्क्यांत आला. त्याच वर्षी ऑगस्टपासून डिसेंबरअखेर परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले गेले. गिरणीला धागा स्वस्त मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. मानवत-सेलूच्या शेतकऱ्याने ऐन वेचणीच्या हंगामात याला काय म्हटले असेल तेही समजण्यासारखे आहे.

मग कापड ओळखायचे कसे? आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांना ते हाताने कळत असे. दुकानात गादीवर बसल्या की ताग्याचा कोपरा दोन्ही अंगठ्यांत धरून चोळायच्या. पांढरी भुकटी उडाली की समजायचे, खळ भरली आहे. पहिल्या धुण्यात कापडाचे फडके होणार. मग ताग्याचा एक पदर उजेडाकडे धरायचा. वीण एकसारखी दिसली पाहिजे, कुठे दाट कुठे विरळ असेल तर विरळ जागी आधी जाईल. मग दोन्ही हातांनी उभे-आडवे ताणायचे आणि सोडायचे. सुते सरकून फट राहिली तर शिवणीवर ताण आला की तिथेच फाटणार. ओला रुमाल चोळून रंग पाहायचा. आणि शंका असेल तर कडेचे एक सूत ओढून काडी लावायची. सूत कागदासारखे जळून राख झाली तर कापूस. वितळून टोकाला टणक मणी झाला, तर त्यात पॉलिएस्टर आहे. यातले काहीही आज अशक्य झालेले नाही. फक्त तयार कपडा पारदर्शक पिशवीत घड्या घालून, टाचण्या लावून येतो आणि पिशवी फोडली की घ्यावा लागतो. पिशवी फोडू न देणाऱ्या दुकानातून मी कपडा घेत नाही. मुलगा म्हणतो, तुम्ही दुकानदारांचा अंत पाहता. असेल.

कच्छी बाजाराच्या एका बोळात अर्धशतक यंत्र चालवलेले एक वृद्ध शिंपी आहेत. मी कापडाचा पोत पाहत बसलो की ते म्हणतात, “कपडा नको देखो साब, सिलाई देखो.” त्यांचे म्हणणे असे की, सदरा कापडात क्वचित फाटतो, तो काखेत, खिशाच्या कोपऱ्यात आणि बैठकीच्या शिवणीत जातो. इंचाला दहा-बारा टाके, ताण येतो तिथे दुहेरी शिवण, खिशाच्या कोपऱ्याला मागे-पुढे टीप, काजे दाट विणलेले, आणि सुती कापड असेल तर ते रात्रभर भिजवून, आटवून मग कापलेले. एवढे केले तर मध्यम कापडाचा सदराही चार वर्षे जातो, असा त्यांचा दावा आहे. माझ्या अंगावरचे सदरे त्याला साक्ष आहेत. मागच्या दिवाळीत मी त्यांच्याकडे शिवलेल्या सदऱ्याला कापड-शिलाईचे मिळून ९५० रुपये पडले. तयार सदरा त्याच रस्त्यावर ३९९ ला टांगलेला होता. ३९९ चा तीस धुण्यांत गेला तर धुण्याला १३ रुपये पडतात. ९५० चा दीडशे धुण्यांत जाईल, म्हणजे साडेसहाच्या आत. पण ज्याच्याकडे एकदम ९५० नाहीत, त्याला हे गणित कितीही पटवले तरी तो ३९९ चाच घेणार आणि वर्षाला तीन घेणार. हे माणूस अडाणी आहे म्हणून होत नाही. भांडवल नसलेला माणूस प्रत्येक गोष्ट किरकोळीने आणि म्हणून महागात घेतो. मीठ-तेलाचे तसे, कर्जाचे तसे, कापडाचेही तसेच.

पॉलिएस्टरबद्दल स्वच्छ बोलायला हवे. सुती कापडाचे गहिवर काढणारे लेख आपण वाचतो. ते लिहिणाऱ्यांना इस्त्री करणारे कुणीतरी घरात असते. १९६५ च्या सुमारास ठाण्यात टेरीन होऊ लागले, १९८२ मध्ये पाताळगंगेचा कारखाना सुरू झाला आणि टेरिकॉट खेड्यापर्यंत पोचले. ते फाटत नसे, आटत नसे, दोरीवर तासाभरात वाळे. ज्या बाईला विहिरीवरून पाणी आणून घरादाराचे कपडे धुवायचे होते तिने टेरिकॉट निवडले, आणि ते शहाणपणाने निवडले. शाळेच्या पँटला आजही मिश्र धागाच योग्य आहे. पण सदऱ्याचे तसे नाही. परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ च्या पुढे जातो, वर्गावर पत्रे असतात. घाम न शोषणारा सदरा वर्षभर टिकतो खरा, पण तो मूल डबा खाण्याच्या सुटीत काढून दप्तरात कोंबते. न घातलेल्या कपड्याच्या टिकण्याला काय अर्थ?

आणि कपड्याचे आयुष्य एका अंगावर संपत नाही, निदान आपल्याकडे संपत नसे. लुगडे मध्ये विरले की तो भाग काढून चांगली दोन टोके जोडायची; त्याला दंड घालणे म्हणत. पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घरातली बाई कापूस वेचायला जाताना लुगड्यावर चढवते, बोंडाची टोके हाताला ओरबाडू नयेत म्हणून. आजही जिल्ह्यातल्या कुठल्याही शिवारात हे दिसेल. त्यानंतर तो गोधडीत, वाकळीत, शेवटी पोतेऱ्यात. सुती कापड जितके जुने तितके मऊ आणि पाणी शोषणारे होते, म्हणून प्रत्येक पायरीला त्याचा उपयोग. कृत्रिम धाग्याच्या साडीची गोधडी उकडते, निसटते. तिचे पोतेरे पाणी टिपत नाही, नुसते पसरवते. ती न फाटता निरुपयोगी होते आणि नालीत जाऊन अडकते.

कापसाचेही थोडे सांगायला हवे. निजामी राजवटीत नांदेड-परभणीच्या गावरानी कापसाचे नाव होते. २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाल्यावर देशी कापूस शिवारातून जवळपास उठला. कृषी विद्यापीठाच्या परभणीतील कापूस संशोधनाने लांब धाग्याचे देशी वाण काढले आहेत. त्यातल्या पीए २५५ ला ‘परभणी तुराब’ असे नाव आहे. पण रुई गाठी बांधून जिल्ह्याबाहेर जाते आणि भिवंडी, इचलकरंजी, सुरतेकडून कापड होऊन परत येते. आपल्या गावच्या पोराच्या अंगावर आपल्या शिवारातला कापूस आहे की नाही, हे इथे कुणीच सांगू शकत नाही.

फुकट वाटलेल्या कापडाची दुसरी कथाही अशीच. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात अंत्योदय कुटुंबाला वर्षाला एक साडी द्यायचे ठरले, यंत्रमागाला काम आणि गरिबाला वस्त्र या हिशेबाने. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारकडच्या आदिवासी बायकांनी मिळालेल्या साड्या तहसील कचेरीत परत नेऊन ठेवल्या, आम्हाला साडी नको, काम द्या म्हणून.

अधिकार समित्यांकडे परत आले, हे ठीक झाले. पण त्याने आपोआप काही सुधारणार नाही. ३०० रुपयांत कापड, शिलाई, बटणे, वाहतूक आणि नफा बसवायचा म्हटल्यावर समितीही बहुधा शहरातल्या ठोक दुकानदाराकडून सगळ्यात स्वस्त तयार माल उचलणार. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग आहे, तिथे चांगलाही माल होतो आणि मागाल तसा हलकाही. मागणारा काय मागतो, यावर आहे. मागणीपत्रात ‘उत्तम प्रतीचे कापड’ असे लिहिण्याला काडीचा अर्थ नाही. कापडाचे दर चौरस मीटरचे वजन, सदऱ्यात कापूस किती टक्के, इंचाला टाके किती आणि माया किती बोटे, एवढे चार आकडे लिहिले तरी पुरे.

पाचवी गोष्ट बँकेच्या अनुभवातली. सरकार रस्ता बांधून घेते तेव्हा ठेकेदाराची काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवते. ठरलेल्या मुदतीत खड्डा पडला तर दुरुस्ती त्याच्याकडून. गणवेशाला हे का नको? नव्वद टक्के पैसे माल मिळाल्यावर द्या, दहा टक्के दिवाळीच्या सुटीनंतर, फाटके-उसवलेले सदरे दुरुस्त करून दिल्यावर. जुनी उधारी नकळत जे करत होती, ते ही अनामत लेखी करारात करील.

मानवतमध्ये यंत्रावर बसणाऱ्या एका बाईंना मी हे विचारले. त्या शेजारच्या गावच्या शाळेचे गणवेश पूर्वी शिवत असत. दहा टक्के दिवाळीपर्यंत थांबायला त्यांची ना नव्हती. “थांबते की. पण मग कापड मीच निवडणार, अन् माप पोराला समोर उभं करून घेणार. दुसऱ्यानं कापलेल्या सदऱ्याची हमी मी का देऊ?” त्यांनी शिलाईचा दर विचारला. तीनशेतून कापडाचे वजा जाता त्यांच्या हाती किती उरेल, ते आम्ही त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडले. चड्डी-सदऱ्याचे मिळून ८० रुपये उरत होते. त्यात दोरा, बटणे आणि विजेचे बिल त्यांचे.